बाहेरचा माणूस आणि आपला संशय

२०१५ च्या एप्रिलमध्ये ग्वाटेमालाच्या सीमाशुल्क खात्यातला एक व्यवहार उघडकीला आला. आयात केलेला माल कमी कर भरून सोडवायचा असेल, तर एका ठरावीक नंबरवर फोन करायचा, किती द्यायचे ते ठरवायचे आणि माल घेऊन जायचे, अशी पद्धत होती. म्हणून प्रकरणाला नाव पडले ‘ला लिनेआ’, म्हणजे फोनची लाइन. तपास करणाऱ्यांनी हजारो संभाषणे ऐकली आणि धागा पकडून ते आधी उपराष्ट्राध्यक्षांपर्यंत, मग थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचले. शनिवारमागून शनिवार राजधानीच्या चौकात माणसे जमत राहिली. मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांना पद सोडावे लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ओटो पेरेस मोलिना यांचा राजीनामा मंजूर झाला आणि त्याच दिवशी त्यांची रवानगी कोठडीत झाली.

त्याच आठवड्यात निवडणुकीची पहिली फेरी होती. दुसऱ्या फेरीत निवडून आला जिमी मोरालेस, टीव्हीवरचा विनोदी नट. कुठलेही मोठे सरकारी पद त्याने कधी सांभाळले नव्हते आणि तीच त्याची सर्वांत मोठी पात्रता होती. त्याची घोषणा होती: ‘भ्रष्टही नाही, चोरही नाही.’ त्याला सुमारे ६७ टक्के मते पडली.

ही घोषणा पुन्हा वाचून पाहा. तिच्यात दोन नकार आहेत आणि बाकी काहीच नाही. हा माणूस काय करणार, कोणाच्या मदतीने करणार, पैसा कुठून आणणार, यातले काहीही तिच्यात नाही. तो काय नाही एवढेच ती सांगते. उरलेली जागा मतदाराने आपल्या मनाने भरली, आणि संतापलेल्या माणसाचे मन अशा जागा फार उदारपणे भरते.

पुढे काय झाले तेही सांगतो. पेरेस मोलिना यांना गाठणाऱ्या तपासामागे ‘सिसिग’ नावाचा एक आयोग होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने २००७ मध्ये तो स्थापन झाला होता आणि परदेशी तपासनीस व देशी सरकारी वकील त्यात खांद्याला खांदा लावून काम करत. मोरालेसच्या विजयाचा रस्ता याच आयोगाने मोकळा केला होता. २०१७ मध्ये आयोगाची चौकशी त्याच्या भावाच्या आणि मुलाच्या दारात आली (ते दोघे पुढे निर्दोष सुटले), त्याच्या प्रचाराच्या खर्चाचीही विचारणा सुरू झाली, आणि ‘चोर नाही’ म्हणणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने आयोगाच्या प्रमुखालाच देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. घटनात्मक न्यायालयाने तो रोखला. मग २०१८ मध्ये आयोगाची मुदत वाढवायला त्याने नकार दिला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आयोग बंद पडला. ज्या शिडीने तो वर चढला, ती त्याने उचलून फेकून दिली.

राजकारणावरचा विश्वास उडालेली माणसे बाहेरच्या उमेदवाराकडे का वळतात, यावर खूप बोलले जाते. त्यातल्या बऱ्याच बोलण्यात एक छुपा ठपका असतो: लोक भाबडे आहेत, रागावलेले आहेत, त्यांना राज्यकारभार कळत नाही. मला हा ठपका मान्य नाही. माझी तक्रार जवळजवळ उलटी आहे. सरकारवर अविश्वास दाखवणारा मतदार अविश्वासात कमी पडतो. जुन्या मंडळींवर तो काटेकोर संशय घेतो आणि नव्या माणसासमोर तोच संशय दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. निवडणुकीत मात्र दुधाने पोळलेला माणूस पुढचे भांडे डोळे मिटून तोंडाला लावतो.

आधी अविश्वासाबद्दल. ‘लोकांचा विश्वास घटला आहे’ हे वाक्य पाऊस कमी झाल्यासारखे उच्चारले जाते, जणू कोणी काही केलेच नाही. अमेरिकेत हा प्रश्न १९५८ पासून विचारला जात आहे: केंद्र सरकार योग्य तेच करील असे तुम्हाला नेहमी किंवा बहुतेक वेळा वाटते का? १९६४ मध्ये ७७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. सत्तरचे दशक संपेपर्यंत हा आकडा चतुर्थांशाच्या आसपास आला आणि गेली दीड दशके तो तिशीच्या वर गेलेला नाही. मधल्या काळात व्हिएतनामचे युद्ध झाले, त्या युद्धाबद्दल सरकारने काय काय दडवले ते १९७१ मध्ये गुप्त कागदपत्रांतून बाहेर आले आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. पुढे २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगून युद्ध पुकारले गेले आणि ती अस्त्रे सापडली नाहीत. २००८ मध्ये बँका बुडू लागल्या तेव्हा सरकारने त्यांना वाचवले आणि घरे गमावली ती सामान्य माणसांनी. हे सगळे पाहूनही ज्याचा विश्वास ढळला नाही, त्याला शहाणा म्हणायचे का?

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या १९६४ सालाकडे विश्वासाचा सुवर्णकाळ म्हणून पाहिले जाते, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे सरकारने संसदेला सांगितले. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. पण युद्धाची मोकळीक देणारा ठराव काही दिवसांत मंजूर झाला. एका सभागृहात विरोधात एकही मत नाही, दुसऱ्यात फक्त दोन. म्हणजे विश्वास सर्वांत जास्त होता तेव्हाच तो सर्वांत वाईट कामी आला. संशय घेणारी आणखी शंभर माणसे त्या सभागृहांत असती तर पुढची दहा वर्षे कदाचित वेगळी गेली असती. म्हणून ‘लोकांचा विश्वास परत कसा मिळवायचा’ हा सत्ताधाऱ्यांचा आवडता प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. विश्वास हे नागरिकाने सरकारला द्यायचे देणे नव्हे.

लोकशाहीची सगळी यंत्रणा अविश्वासावरच तर उभी आहे. पदाला मुदत का असते? हिशेब तपासायला वेगळा लेखापरीक्षक का नेमतात? न्यायाधीशाला मंत्र्याच्या हाताखाली का ठेवत नाहीत? विरोधी पक्षाच्या नेत्याला सरकारी तिजोरीतून पगार का देतात? यांपैकी प्रत्येक गोष्टीमागे एकच समज आहे: खुर्चीवर कोणीही बसो, सज्जन बसो की दुर्जन, त्याच्यावर नजर हवी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी हा इशारा अगदी स्पष्ट दिला होता. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा हा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा हमखास रस्ता आहे, असे ते म्हणाले. भक्ती फक्त जुन्या नेत्यांची वाईट आणि नव्यांची चांगली, असा भेद त्या भाषणात नाही.

बाहेरचा उमेदवार नेमका इथेच हात घालतो. तो आपला संशय खोटा ठरवत नाही, उलट त्याला दाद देतो. तुम्ही म्हणता ते सगळे खरे आहे, हे सगळे चोर आहेत, संसद विकली गेली आहे, न्यायालये त्यांचीच, वर्तमानपत्रेही त्यांचीच. हे ऐकताना फार बरे वाटते, कारण इतकी वर्षे कोणी आपले ऐकलेलेच नसते. मग पुढचे वाक्य येते आणि ते इतके अलगद येते की सांधा दिसत नाही: म्हणून आता फक्त माझ्यावर विश्वास ठेवा. संसदेवरचा, न्यायालयावरचा, पत्रकारांवरचा असा ठिकठिकाणी विखुरलेला संशय गोळा होतो आणि त्या सगळ्याच्या बदल्यात एका माणसावर कोरा धनादेश लिहिला जातो. कोणावरही विश्वास नाही म्हणणारा मतदार अशा रीतीने सर्वांत जास्त विश्वास टाकणारा मतदार होऊन बसतो.

पेरूमध्ये हे फार लख्ख दिसले. १९९० मध्ये तिथे महागाईचा दर हजारो टक्क्यांवर होता, ‘शायनिंग पाथ’ या सशस्त्र संघटनेच्या हिंसेने खेडी ओस पडत होती आणि जुन्या पक्षांकडे दाखवायला काहीच नव्हते. कृषी विद्यापीठाचा कुलगुरू राहिलेला आल्बेर्तो फुजिमोरी ट्रॅक्टरवर बसून प्रचाराला निघाला. मतदानाच्या काही आठवडे आधीपर्यंत त्याचे नाव कोणी गांभीर्याने घेत नव्हते, आणि त्याने जगप्रसिद्ध कादंबरीकार मारियो वर्गास योसा यांना हरवले. दोन वर्षांनी, ५ एप्रिल १९९२ च्या रात्री, त्याने संसद बरखास्त केली, न्यायव्यवस्था ताब्यात घेतली आणि रस्त्यावर रणगाडे आणले. लोकांनी काय केले? बहुसंख्यांनी पाठिंबा दिला. त्या संसदेबद्दल कोणाला प्रेम नव्हते. तिने काही कमावून ठेवले असते तर तिच्यासाठी कोणी उभे राहिले असते. मला त्या लोकांचा राग समजतो. हेही मान्य करायला हवे की महागाई आटोक्यात आली आणि त्याच वर्षी त्या संघटनेचा म्होरक्या पकडला गेला. काम झाले. पण आता विचारणारे कोणी उरले नव्हते. २००० मध्ये एक चित्रफीत टीव्हीवर दाखवली गेली. तिच्यात फुजिमोरीचा गुप्तचर प्रमुख व्लादिमिरो मोन्तेसिनोस विरोधी खासदाराला नोटांची पुडकी मोजून देत होता. मग अशा चित्रफितींची रांगच लागली: खासदार, न्यायाधीश, टीव्ही वाहिन्यांचे मालक. संसद विकली गेली आहे म्हणून जो आला होता, त्याच्या राज्यात संसद खरोखरच रोख पैसे मोजून विकत घेतली गेली. फुजिमोरीने जपानला जाऊन फॅक्सने राजीनामा पाठवला. २००९ मध्ये मानवी हक्कांच्या भंगाबद्दल त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

पेरूची कथा तिथे थांबली असती तर बरे झाले असते. पुढे जुलै २०१६ नंतरच्या साडेसहा वर्षांत त्या देशात सहा जणांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यांतला पेद्रो कास्तियो हा खेड्यातला शाळामास्तर होता. २०२१ मध्ये तोही बाहेरचा म्हणूनच निवडून आला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने संसद बरखास्त करण्याची घोषणा केली आणि काही तासांत तोच पदावरून गेला व अटकेत पडला. एकदा मोडलेले दार पुन्हा नीट बसत नाही. येणारा प्रत्येक जण त्यातूनच घुसायला बघतो.

ट्युनिशियाचे दुःख मला याहून जवळचे वाटते, कारण तिथल्या लोकांनी २०११ मध्ये स्वतःच्या हिमतीवर हुकूमशहा घालवला होता. आठ वर्षांनी, सरकारांमागून सरकारे बदलूनही रोजगार मिळेना, तेव्हा त्यांनी कैस सईद या निवृत्त कायदा प्राध्यापकाला निवडले. त्याच्याजवळ ना पक्ष, ना पैसा. साधी राहणी आणि स्वच्छ प्रतिमा एवढेच. जवळजवळ ७३ टक्के मते त्याला मिळाली. २५ जुलै २०२१ ला त्याने संसद स्थगित केली, तेव्हा लोक गाड्यांचे भोंगे वाजवत रात्री रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी त्याने सर्वोच्च न्याय परिषद मोडली, स्वतःची राज्यघटना आणली. तिच्यावरच्या जनमताला ३० टक्क्यांच्या आसपास मतदार आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात नव्या संसदेसाठी मतदान झाले तेव्हा फक्त ११ टक्के. दहा वर्षांपूर्वी ज्या हक्कासाठी माणसे मेली, तो बजावायला शंभरातली नव्वद माणसे घराबाहेर पडली नाहीत. २०२४ मध्ये सईद पुन्हा निवडून आला, ९० टक्क्यांवर मते घेऊन, आणि तेव्हा त्याच्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक तुरुंगात होता. कायद्याचा प्राध्यापक होता तो. त्याची स्वच्छ प्रतिमाही खोटी नव्हती. स्वच्छ माणूसही मोकाट सुटला की काय करतो, ते या उदाहरणाने दाखवले, म्हणून ते फुजिमोरीच्या उदाहरणापेक्षा जास्त बोचते.

भारतातल्या वाचकाला दिल्लीचे उदाहरण आठवेल. भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा स्वतंत्र लोकपाल हवा, या २०११ च्या आंदोलनातून आम आदमी पक्ष जन्मला. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याने विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा जिंकल्या. पुढच्याच महिन्यात पक्षाचे अंतर्गत लोकपाल ॲडमिरल एल. रामदास यांना दूर करण्यात आले आणि नेतृत्वाला प्रश्न विचारणाऱ्या संस्थापक सदस्यांनाही बाजूला सारले गेले. त्या पक्षाने शाळांसाठी काय केले, पुढे २०२५ मध्ये तो २२ जागांवर का आला, हे वेगळे विषय आहेत. मला खटकतो तो मार्च २०१५. लोकपाल मागत उभ्या राहिलेल्या पक्षाला स्वतःच्या घरातला लोकपाल नकोसा झाला, आणि ६७ जागा देणाऱ्या मतदारांपैकी फार थोड्यांनी त्याबद्दल आवाज केला. आपला माणूस आत गेला की आपण पहारा सोडून घरी जातो.

या चर्चेत बाहेरच्यांविरुद्ध नेहमी एक युक्तिवाद होतो: त्यांना अनुभव नसतो. हा युक्तिवाद मी मांडणार नाही, कारण तो दुबळा आहे. टोंकिनचा ठराव अनुभवी माणसांनी केला. इराकचे युद्धही त्यांनीच केले. २००९ मध्ये ब्रिटनच्या खासदारांनी घराभोवतीच्या खंदकाची सफाई आणि बदकांचे तरंगते घर अशा खर्चांची बिले सरकारकडे लावल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांत नवखे कमी आणि मुरलेले जास्त होते. बिल कसे लावायचे याचाही अनुभव असतो. मतदार जेव्हा ‘अनुभव नको’ म्हणतो, तेव्हा तो मूर्खपणा नसतो. या अनुभवाचा त्याला अनुभव आलेला असतो.

शिवाय ‘बाहेरचा’ हे बिरूद बरेचदा नुसता मुखवटा असते. ब्राझीलमध्ये १९८९ साली फर्नांदो कोलोर ‘महाराजांचा शिकारी’ म्हणून निवडणुकीला उभा राहिला. गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या सरकारी नोकरांना तिथे ‘महाराजा’ म्हणत. या शिकाऱ्याचे आजोबा मंत्री होते, वडील सिनेटर होते आणि तो स्वतः एका राज्याचा गव्हर्नर होता. निवडून येताच त्याने एका मर्यादेपलीकडच्या बँक ठेवी दीड वर्षासाठी गोठवल्या आणि सामान्य माणसाची आयुष्यभराची बचत अडकून पडली. १९९२ च्या अखेरीस, भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून महाभियोग चालू असताना, त्याने राजीनामा दिला. इटलीत १९९२ च्या फेब्रुवारीत मिलानमधल्या एका लाचेच्या प्रकरणातून जुने पक्षच्या पक्ष कोसळले आणि दोन वर्षांनी मोकळ्या मैदानात सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी उतरला, तीन राष्ट्रीय टीव्ही वाहिन्यांचा मालक. राजकारणाबाहेरचा तो होता खरा, पण सत्तेबाहेरचा कधीच नव्हता. घाण उपसली आणि रिकाम्या जागेत काय येईल याचा विचार केला नाही, की असे होते.

तरीही बाहेरून आलेला प्रत्येक जण असाच निघतो असे नाही. मी स्वतः अशा उमेदवारांकडे आशेने पाहतो आणि पुढेही पाहीन. आइसलंडच्या बँका २००८ मध्ये कोसळल्यावर योन ग्नार या विनोदी कलाकाराने एक पक्ष काढला आणि २०१० मध्ये राजधानी रेक्याविकच्या नगरपरिषदेतल्या १५ पैकी ६ जागा जिंकल्या. त्याच्या प्रचारातली आश्वासने मुद्दाम हास्यास्पद होती. पण महापौर झाल्यावर त्याने एका जुन्या पक्षाशी आघाडी केली, कर्जात बुडालेल्या शहराच्या ऊर्जा कंपनीसाठी दरवाढ आणि नोकरकपात असे नकोसे निर्णय घेतले, आणि २०१४ मध्ये पुन्हा न लढता तो घरी गेला. काही वेळा तर हरलेला बाहेरचा माणूसही कामाचा ठरतो. १९९२ मध्ये अमेरिकेत रॉस पेरो या उद्योजकाला सुमारे १९ टक्के मते पडली. तो हरला, पण अर्थसंकल्पातल्या तुटीचा विषय दोन्ही मोठ्या पक्षांना त्यानंतर टाळता येईना.

मला सर्वांत जास्त शिकवले ते स्लोव्हाकियाच्या सुझाना चापुतोव्हा यांनी. त्या वकील. त्यांच्या गावाजवळ नवा कचरा डेपो येणार होता. त्याविरुद्ध त्या वर्षानुवर्षे लढल्या: अर्ज, सुनावण्या, अपिले. शेवटी २०१३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो डेपो बेकायदा ठरवला. २०१८ च्या फेब्रुवारीत यान कुत्सियाक या तरुण शोधपत्रकाराची त्याच्या वाग्दत्त वधूसह हत्या झाली. देश पेटून उठला आणि पंतप्रधान रॉबर्ट फिको यांना जावे लागले. पुढच्या वर्षी चापुतोव्हा ५८ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाल्या. राष्ट्रीय राजकारणात त्या पूर्णपणे नव्या होत्या. पण मोरालेस आणि त्यांच्यातला फरक निवडणुकीआधीच दिसत होता, ज्याला पाहायचा होता त्याला. त्यांच्यामागे नकारांची घोषणा नव्हती, केलेले काम होते. ज्या न्यायालयांवर लोकांचा विश्वास नव्हता, त्याच न्यायालयांत जाऊन, त्यांच्याच नियमांनी झगडून त्यांनी निकाल मिळवला होता. नियमांत राहून जिंकलेल्या माणसाला नियमांची किंमत कळते. एक मुदत संपल्यावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. गोष्ट गोड होऊन संपली असेही नाही: २०२३ मध्ये फिको पुन्हा पंतप्रधान झाले. एक चांगली राष्ट्राध्यक्ष देश धुऊन काढू शकत नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा करणे हीसुद्धा भक्तीच.

म्हणून बाहेरचा उमेदवार समोर आला की तो किती बाहेरचा आहे हे मी मोजत नाही. तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणू शकेल, हे मला त्याच्याकडून ऐकायचे असते. तुमच्या प्रचाराचा खर्च कोणी केला आणि तो कुठे पाहायला मिळेल? न्यायालयाने तुमचा पहिलाच मोठा निर्णय रद्द केला तर दुसऱ्या दिवशी काय कराल? तुमच्या पक्षात तुम्हाला हटवायची काही रीत आहे का? या प्रश्नांवर जो चिडतो, ज्याला असे विचारणे म्हणजे शत्रूची फितुरी वाटते, तो उद्याचा मालक आहे, मग त्याचे कपडे कितीही साधे असोत. आणि हेच प्रश्न आतल्यांनाही तितक्याच तीव्रतेने विचारायचे. माणूस पाहून संशयाची धार कमीजास्त झाली, तर मग ती नुसती आवडनिवड झाली.

आतल्यांवरही एक आरोप ठेवायलाच हवा. बाहेरचा माणूस तारणहार होऊन येतो, कारण आत यायची साधी वाट त्यांनी बंद केलेली असते. उमेदवारी कोणाला मिळते? नेत्याच्या मुलाला, पैसेवाल्याला, गप्प राहणाऱ्याला. सामान्य माणसाने पक्षात वीस वर्षे सतरंज्या उचलल्या तरी निर्णयाच्या खोलीत त्याला खुर्ची मिळत नाही. फ्रान्सच्या समाजवादी पक्षाने २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद जिंकले होते. २०१७ मध्ये त्याच्या उमेदवाराला सहा टक्क्यांच्या थोडी वर मते पडली आणि २०२२ मध्ये दोन टक्केही नाहीत. असा पक्ष कोणी बाहेरून येऊन पाडत नाही, तो आतून पोकळ झालेला असतो.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०२३ मध्ये ३० देशांत पाहणी केली. राष्ट्रीय सरकारवर फारसा विश्वास नसलेले लोक ४४ टक्के निघाले, बऱ्यापैकी विश्वास असलेले ३९ टक्के. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. सरकार काय करते त्यात आपले म्हणणे पोहोचते, असे ज्यांना वाटते त्यांच्यापैकी ६९ टक्क्यांचा सरकारवर विश्वास आहे. पोहोचत नाही असे वाटणाऱ्यांपैकी फक्त २२ टक्क्यांचा. आपले काम झाले की नाही यावर माणूस कदाचित तडजोड करेल. आपल्याला कोणी विचारलेच नाही, हे मात्र तो विसरत नाही.

आयर्लंडने या विचारण्याची एक वेगळी रीत करून पाहिली. गर्भपाताचा प्रश्न तिथे १९८३ पासून राज्यघटनेत अडकून पडला होता आणि बहुतेक राजकारण्यांना त्याला हात लावायची इच्छा नव्हती. २०१६ मध्ये तिथे नागरिकांची सभा भरवली गेली: मतदारांमधून यदृच्छया निवडलेले ९९ जण आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या एक न्यायाधीश. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या संघटनांचे आणि स्त्रियांच्या स्वानुभवांचे म्हणणे ऐकले, आपसांत चर्चा केली आणि शिफारस केली. २५ मे २०१८ च्या जनमतात ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. राजकारणाबाहेरची माणसे आत आणायचीच असतील तर एकच कशाला, नव्व्याण्णव आणा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. त्यांना कोणी डोक्यावर घेणार नाही. काम संपले की ती आपापल्या घरी जातील. आणि पाचामुखी परमेश्वर असेल, तर नव्व्याण्णव मुखी निदान सर्वसाधारण शहाणपण तरी नक्कीच असेल.

आता पुन्हा ग्वाटेमालाकडे येतो, कारण तिथली गोष्ट मोरालेसपाशी संपली नाही. २०१५ च्या त्या शनिवारच्या मोर्च्यांमधून काही माणसे एकत्र आली होती आणि त्यांनी ‘सेमिया’, म्हणजे बीज, नावाचा लहानसा पक्ष काढला होता. जून २०२३ च्या पहिल्या फेरीत बाद मतांचा वाटा सुमारे १७ टक्के होता. एवढी मते एकाही उमेदवाराला मिळाली नाहीत. म्हणजे अविश्वासाचा पहिला क्रमांक आला. आणि अनपेक्षितपणे दुसऱ्या फेरीत पोहोचला तो सेमियाचा बर्नार्दो आरेवालो, समाजशास्त्रज्ञ आणि माजी राजनैतिक अधिकारी, एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, म्हणजे पुरता बाहेरचाही नाही. ऑगस्टमध्ये तो मोठ्या फरकाने जिंकला. मग सरकारी वकिलांच्या खात्याने त्याचा पक्षच रद्द ठरवायचा घाट घातला आणि मतमोजणीच्या पेट्याही जप्त केल्या.

२ ऑक्टोबरला मूळनिवासी समाजांच्या पंचायती रस्त्यावर उतरल्या. तोतोनिकापानच्या ४८ गावांचे प्रतिनिधी त्यांत पुढे होते. त्यांनी देशभरचे रस्ते अडवले, राजधानीत सरकारी वकिलांच्या कार्यालयासमोर तंबू ठोकले आणि दिलेले मत मोजलेच पाहिजे असे सांगत शंभराहून अधिक दिवस ते तिथून हलले नाहीत. यावेळी पहारा सोडून कोणी घरी गेले नव्हते. १४ जानेवारी २०२४ ला शपथविधी होता. संसदेत तो दुपारभर, मग संध्याकाळभर रखडवला गेला. शेवटी मध्यरात्र उलटल्यावर आरेवालो यांनी शपथ घेतली, आणि नाट्यगृहातला तो समारंभ उरकल्यावर नवा राष्ट्राध्यक्ष, उजाडायच्या आत, सरकारी वकिलांच्या कार्यालयासमोर बसलेल्या त्या माणसांकडे गेला.